फिजिशियनने फिटनेस दिल्यावर भूलतज्ज्ञांची वेगळी तपासणी कशाला?

वडिलांचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून ठरलंय, फिजिशियनने 'फिट' लिहून दिलंय, तरी भूलतज्ज्ञांनी दोन दिवस आधी बोलावून वेगळी फी सांगितली. हे पैसे काढायचं काम आहे का, आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांचं काय, असं तुम्ही विचारलंय.

पैसे काढायचं काम नाही. मी जिल्ह्याच्या गावी भूल देते. हा प्रश्न मी पेशंटपेक्षा सर्जनकडूनच जास्त ऐकलाय.

एक पंचविशीतला मुलगा आठवतो. पित्ताशयात खडे, बाकी तालमीतली तब्येत. फाईल जाडजूड: रक्त-लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, वर हौसेने काढलेला टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सगळं नॉर्मल, खाली फिटनेसचा शिक्का. सर्जनचा निरोप होता, सकाळी थेट टेबलावरच बघा. मी आदल्या संध्याकाळीच वॉर्डात गेले. म्हटलं, आ कर. त्याने केला. दीड बोट. अजून उघड म्हटलं तर, "एवढंच होतं मॅडम." खरं तर स्वतःची तीन बोटं उभी आत मावायला हवीत. गालाला आतून बोट लावलं तर कडक पट्टे. कॉलेजपासून गुटखा. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीला ते कोण सांगणार? याला तिखट सोसत नाही, पाणीपुरी तोंडात जात नाही, हे त्याच्या आईने लगेच सांगितलं. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरतात, त्यामुळे बहुतेक वेळा पूर्ण भूलच देतात. स्नायू ढिले करायचं औषध गेलं की पेशंटचा श्वास थांबतो, आणि मग काही मिनिटांत श्वासनलिकेत नळी जायलाच हवी. एरवी भुलेत जबडा सैल पडतो. गुटख्याने आवळलेला गाल पडत नाही. अशा माणसाला जागं ठेवून, नाक-घसा बधिर करून, लवचीक दुर्बिणीवरून नाकावाटे नळी घालावी लागते. ती दुर्बीण त्या हॉस्पिटलात नव्हती. मी भूल द्यायला नकार दिला.

सर्जन भडकले. "फाईलला फिटनेस आहे ना? तुम्ही माझी केस घालवताय." मुलगा मेडिकल कॉलेजला गेला, तिथे जागेपणी नळी घालून ऑपरेशन व्यवस्थित झालं. मला मात्र त्या हॉस्पिटलातून बरेच महिने फोन आला नाही. त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच आजही सांगेन. फिजिशियनने त्याचं काम चोख केलं होतं. हृदय, फुप्फुसं, शुगर त्याने बघितली. तोंड किती उघडतं, मान मागे जाते का, दात हलतो का, हे तो बघत नाही, कारण नळी त्याला घालायची नसते. बसवून जीभ बाहेर काढायला लावायची आणि पडजीभ दिसते का बघायचं, ही तपासणी मल्लमपाटी या मूळच्या आंध्रातल्या, अमेरिकेत काम केलेल्या भूलतज्ज्ञाने १९८५ साली मांडली. टॉर्च सोडून काही लागत नाही. धडधाकट पोराचा एको काढायला पैसे असतात, आणि भूलतज्ज्ञाने आधी बघायचं म्हटलं की खर्च वाढतो!

वडिलांबरोबर गोळ्यांची पाकिटं आणि जुन्या ऑपरेशनची कागदपत्रं न्या. घरात कुणाला भुलेचा त्रास झाला असेल तर सांगा. दोन जिने न थांबता चढतात का, हे नक्की विचारतील. तंबाखू, मिश्री, दारू खरी सांगायला लावा. तुमच्यासमोर बोलत नसतील तर तुम्ही बाहेर जाऊन बसा.

उपाशी राहण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते: हलकं खाणं सहा तास आधी बंद, तळलेलं-मटण आठ तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा खाण्यातच धरतात, पाण्यात नाही.

गोळ्यांचं सगळं इथे लिहिता येणार नाही. अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल या बीपीच्या गोळ्या सहसा ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर देतात. टेल्मिसार्टनच्या जातीतल्या बीपीच्या गोळ्या आम्ही बहुधा आदल्या दिवशीच थांबवतो. शुगरची मेटफॉर्मिन त्या सकाळी नको. स्टेंट असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिला मनाने हात लावू नका, ते हृदयवाले आणि सर्जन मिळून ठरवतील. मी वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा.

एक मात्र आजच बघा. शुगरच्या गोळीच्या नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे का? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही? ती साधारण तीन दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. तुमची भेट दोनच दिवस आधीची आहे, म्हणजे तोवर उशीर झालेला असेल. तेव्हा भेटीची वाट बघू नका, पाकीट हातात घेऊन आजच त्या भूलतज्ज्ञांना फोन लावा.