वाचकांचे प्रश्न : बोटीच्या बुडाला कोणता रंग द्यावा?

प्रश्न : माझी १४ फुटी फायबरची बोट घरासमोर ट्रेलरवर उभी असते. हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी महिन्यातून दोन-तीनदा आम्ही ती हतनूरच्या जलाशयात उतरवतो आणि संध्याकाळी परत आणतो. बुडाच्या रंगाचे आता पापुद्रे निघू लागले आहेत. एक रंगारी जहाजाच्या बुडाला देतात तो विषारी रंग मागवा म्हणतो, तर दुसरा साधा ऑइल पेंट पुरेल असे सांगतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. जहाजाच्या बुडाच्या रंगातले तांबे हळूहळू पाण्यात सुटत राहते, त्यामुळे समुद्रातले कवचाचे जीव बुडाला चिकटत नाहीत. तापी-पूर्णेच्या गोड्या पाण्यात ते जीव नाहीत, आणि सकाळी उतरून संध्याकाळी वर येणाऱ्या बोटीवर शेवाळही धरत नाही. शिवाय अशा रंगांचे अनेक प्रकार महिनोन्‌महिने कोरडे राहिले की निकामी होतात. जे पक्षी पाहायला आपण जातो, त्यांच्याच पाण्यात विनाकारण तांबे सोडण्यात काय अर्थ? ऑइल पेंटची अडचण वेगळी आहे. तो पाण्याखाली मऊ पडतो आणि ट्रेलरच्या फळीवर बोट सरकली की सोलून निघतो. आपल्या बुडाचे खरे शत्रू घासणे आणि मुरणारी ओल हे आहेत, म्हणून दोन डब्यांचा, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेन रंग हीच जोडी योग्य ठरेल.

मात्र पापुद्रे निघतात ते बहुधा पूर्वतयारी कच्ची राहिल्याने. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी जुन्या रंगावर दहा मिनिटे ठेवून पाहा. रंग मऊ होऊन चिंधीला लागला, तर तो सगळाच खरवडून काढावा लागेल, कारण इपॉक्सीतल्या द्रावकाने तो खालून सुरकुततो. बूड घासण्याआधी थिनरने पुसावे. आधी घासले तर मेण आणि तेलकटपणा ओरखड्यांत दाबला जातो. एका फडक्याने ओले करावे आणि ते वाळण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. त्यानंतर ८० आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर पाणी मारून चालवावा. जुन्या रंगाची धूळ विषारी असू शकते, म्हणून मास्क हवाच आणि खाली साचलेला गाळ गटारीत सोडू नये. खड्ड्यांत मोटारीची लांबी (पुट्टी) भरण्याचा मोह अनेकांना होतो, पण ती पाणी शोषते. तिथे इपॉक्सीचीच लांबी भरावी, तीही बूड काही दिवस खडखडीत वाळल्यावर.

इपॉक्सीचे तीन आणि वरच्या रंगाचे दोन हात द्यावेत. अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण रंग बोटाला लागत नाही, ती इपॉक्सीच्या पुढच्या हाताची वेळ समजावी. ती हुकली तर पुन्हा घासावे लागते. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा डब्यातच रंग गोळा होऊ लागतो, आणि पौषातल्या थंड रात्री तो नीट पिकत नाही. त्यामुळे फेब्रुवारीतले दिवस उत्तम. दव सुकल्यावर सावलीत काम सुरू करावे आणि चार वाजण्याच्या आत थांबावे.

ट्रेलरच्या फळ्यांवर टेकलेली जागा शेवटी राहते. बाकीचा रंग आठवडाभर पिकल्यावर बोट वीतभर सरकवून तेवढी जागा रंगवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या बोटीखाली मात्र कोणीही शिरू नये, खाली लाकडी ठोकळे लावावेतच. आपल्या बोटीचे बूड सहा-सात चौरस मीटर भरेल, तेव्हा इपॉक्सी सुमारे अडीच लिटर लागेल.

प्रश्न : आमची होडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आहे. तिलाही हेच लागू पडते का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : जवळपास सगळे लागू पडते, पण तांब्याचा रंग आपल्या होडीसाठी निव्वळ अनावश्यक नव्हे तर घातक आहे, ओल्या ॲल्युमिनियमला तांबे लागले की पत्र्याला खड्डे पडतात. दुसरे असे की घासलेल्या पत्र्यावर लगेच ऑक्साइडचा थर धरू लागतो आणि तो वाढला की रंग नीट पकडत नाही, म्हणून जेवढा भाग त्याच दिवशी प्रायमरने झाकता येईल तेवढाच घासावा.