पत्र्याच्या घरात एकट्यानं अल्बम रेकॉर्ड करताना आवाज घुमतो, हलगीचा आवाज फाटतो. काय करावं?

लातूरच्या उन्हात पत्रा तडतडतो, म्हणून गाणं रात्रीच घ्या. गाणाऱ्याच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूंना जाड वाकळा टांगा. माइकमागं एकच टांगून भागत नाही. तोंड माइकपासून १५-२० सेंमी. फोम चिकटवू नका, पैसे वाया जातात, खालचा घुमारा तसाच राहतो.

हलगीचा आवाज फाटतो तो गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, जास्त म्हणून. माइक एक मीटर लांब, जरा तिरका. सगळ्यात जोराचा ठोका रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १० डीबीच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज मिक्सिंगमध्ये दुरुस्त होत नाही. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवडून घेतलं तर कमी पातळीची चिंता नको. कातडं गार झालं की सूर उतरतो, पावसाळ्यात तर लगेच, तेव्हा दर टेकआधी शेकून घ्या.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर घरघर येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

एक गाणं हलगीवर, दुसरं सिंथवर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) असेल तर सगळी गाणी आवाजाच्या एकाच मोजमापाला आणू नका, नाहीतर अंगाईसुद्धा हलगीएवढी दणकते. गायकाचा आवाज गाण्यागणिक सारखा ठेवा, बाकीचं त्याभोवती.