'जैवविघटनशील' की 'कंपोस्टयोग्य'?

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका उद्योजकांनी विचारले आहे: आम्ही पोफळीच्या विरीच्या (सुपारीच्या झाडाच्या झावळीच्या बुंध्याकडच्या रुंद आवरणाच्या) ताटल्या करतो, आता मक्यापासून होणाऱ्या पीएलए प्लास्टिकचे पेलेही सुरू केलेत. दोन्हींच्या वेष्टनावर काय छापावे? 'जैवविघटनशील', 'कंपोस्टेबल' की 'पर्यावरणपूरक'?

हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

'-शील' प्रत्यय स्वभाव सांगतो: सहनशील, प्रयत्नशील. 'जैवविघटनशील' म्हणजे सूक्ष्मजीव ज्याचे विघटन करतील असे. किती दिवसांत, कुठे, हे त्यात येत नाही. लाकडाचा ओंडकाही जैवविघटनशीलच. तुमच्या ताटलीला हा शब्द शोभतो. विरी भिजवून तापलेल्या साच्यात दाबली की ताटली तयार. डिंक नाही, लेप नाही, पानाच्या शिरा बोटाला लागतात. कुळागरात (पोफळीच्या बागेत) पडलेल्या विरीची माती होते, तशीच हिचीही होणार.

पेल्याचे तसे नाही. पीएलए कुजायला साधारण 58 अंश सेल्सिअसची ऊब लागते, ती औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात मिळते. मिरामार किनाऱ्याच्या वाळूत किंवा मांडवी नदीत तो पेला दीर्घकाळ तसाच राहील. म्हणून त्यावर 'जैवविघटनशील' छापणे मला गैर वाटते. गिऱ्हाईक ते वाचून बिनघोर फेकून देते. तिथे 'औद्योगिक कंपोस्टयोग्य' असे पूर्ण लिहावे. 'योग्य'मध्ये अट गृहीत असते, 'शील'मध्ये नसते. शिवाय कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएस/आयएसओ 17088 हे मानक आहे आणि असा माल विकण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते.

नुसत्या 'विघटनशील'पासून तर दूरच राहा. धातूंचे क्षार मिसळलेले 'ऑक्सो' प्लास्टिक त्याच नावाखाली खपवले जाते. त्याचे बारीक तुकडे होतात, पण प्लास्टिक प्लास्टिकच राहते. युरोपीय संघाने 2021 पासून त्याच्या वस्तूंवर बंदी घातली आहे.

'पर्यावरणपूरक' हा शब्द मला सर्वांत कमी पटतो. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारे. पेला पर्यावरणाची कोणती उणीव भरतो? ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा मोघम हरित दाव्यांना आधार देणे बंधनकारक केले आहे. त्यापेक्षा 'पोफळीच्या विरीपासून, कोणताही लेप नाही' एवढेच छापा. तो दावा कुणालाही ताटली हातात घेऊन पडताळता येईल.

आणि हो, 'जैवविघटनशील' व 'कंपोस्टयोग्य' हे सामासिक शब्द आहेत. मध्ये जागा न सोडता सलग छापून घ्या.