उमराव जानच्या वर्षीचं नॅशनल अवॉर्ड रेखाऐवजी स्मिता पाटीलला मिळायला हवं होतं का?

हो, माझ्या मते 'उंबरठा'साठी स्मितालाच मिळायला पाहिजे होतं. १९८१ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'उंबरठा'ला बेस्ट मराठी फिल्म दिली म्हणजे ज्युरीनं पिक्चर बघितला होताच, आणि तो सगळा सुलभाच्या, म्हणजे महिलाश्रम सांभाळणाऱ्या स्मिताच्या पात्राच्या, खांद्यावर आहे की ओ! शेवटी घरी परत आल्यावर नवरा (गिरीश कर्नाड) दुसऱ्या बाईचं सांगतो तो सीन परत बघा, मोठा डायलॉग नाही काही नाही, नुसत्या चेहऱ्यावरून कळतं की ही आता इथं राहत नाही. उमराव जानमध्ये रेखाला खय्यामचं संगीत अन् आशाताईंचा आवाज होता, त्या दोघांनाही त्याच वर्षी अवॉर्ड मिळालं, स्मिताकडं सुती साडी अन् महिलाश्रमाचं ऑफिस. पण एक आहे, मी संभाजीनगरचा, उर्दू रोजच कानावर पडती, त्यामुळं रेखानं ती भाषा किती निगुतीनं बोललीय ते कळतं, म्हणून अवॉर्ड फुकट गेलं असं कुणी म्हणू नये. शिवाय स्मिताला 'भूमिका' अन् आदल्याच वर्षी 'चक्र'साठी मिळालेलं होतं, लागोपाठ दुसऱ्यांदा द्यायला ज्युरी कचरली असंल तर नवल नाही.