प्रश्न तुमचे, उत्तरं धातुशास्त्राची

प्रश्न : दिल्लीच्या लोहस्तंभावर आयआयटी कानपूरच्या एका प्राध्यापकांनी मोठं काम केलं, असं ऐकलं. ते कोण? (वाचक, मिरज)

प्रा. आर. बालसुब्रमण्यम. जन्म १९६१ चा. १९८४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातून धातुशास्त्राची अभियांत्रिकी पदवी, १९९० मध्ये अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमधून पीएचडी आणि त्यानंतर कानपूरमध्ये अध्यापन. धातू गंजतो कसा आणि हायड्रोजन धातूत शिरला की काय बिघडतं, हे त्यांचं मूळ क्षेत्र. म्हणून लोहस्तंभाकडेही ते गंजाच्या अंगानेच वळले. स्तंभावरचा गंज पुसून टाकायची घाण नाही, खरा पुरावा तोच, ही त्यांची दृष्टी आम्हाला फार मोलाची वाटते. पुढे त्यांनी लोखंडी पट्ट्या आणि कडी तापवून, ठोकून जोडलेल्या जुन्या तोफांचा अभ्यास केला. हडप्पा संस्कृतीपासून चालत आलेल्या १.७६३ सेंटिमीटरच्या ‘अंगुल’ या मापावरही लिहिलं. डिसेंबर २००९ मध्ये, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले.

प्रश्न : स्तंभाला गंज का लागत नाही? आणि आपण आज तसंच लोखंड का ओतत नाही? (फाउंड्री कामगार, कोल्हापूर)

आधी एक दुरुस्ती. स्तंभ ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांवर ठोकून, जोडून तो घडवला आहे. उंची सात मीटरच्या वर, वजन सहा टनांच्या आसपास. आणि गंज लागतो, फक्त तो एका पातळ थरावर थांबतो.

कारण फॉस्फरस. स्तंभाच्या लोखंडात तो सरासरी ०.२५ टक्के निघतो. बांधकामाच्या सळईत आपण तो ०.०५ टक्क्यांच्या आसपासच अडवतो. जुन्या भट्टीत धातुक (लोखंडाचं कच्चं खनिज) आणि लोणारी कोळसा एवढंच घालत, चुनखडी घालत नसत. फॉस्फरस ओढून घ्यायला मळीत, म्हणजे भट्टीत लोखंडापासून वेगळ्या होणाऱ्या काचेसारख्या कचऱ्यात, चुना लागतो. तो नसल्याने बराच फॉस्फरस लोखंडातच राहिला.

पुढचं काम हवामानाचं. सुरुवातीला लोखंड गंजतं, आत अडकलेल्या मळीच्या कणांमुळे तर जरा जास्तच. लोखंड झिजतं तसा फॉस्फरस धातू आणि गंज यांच्या सीमेवर साठत जातो. त्याच्या साथीने तिथे मिसावाइट नावाचा, लोखंडाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचा घट्ट थर बसतो. ओलं होणं आणि वाळणं यांचं चक्र वर्षानुवर्षं चाललं की स्फटिकरूप लोह-फॉस्फेट तयार होऊन बारीक छिद्रं बुजतात. यात वाळणं महत्त्वाचं, आणि दिल्लीत वर्षातला बराच काळ हवा कोरडी असते. १९६१ मध्ये स्तंभाचा पाया उघडला तेव्हा जमिनीखालच्या भागावर गंज होता, कारण माती वाळू देत नाही. समुद्राच्या हवेतलं मीठही असा थर फोडू शकतं. तरी कोणार्कला समुद्राजवळ जुन्या लोखंडी तुळया टिकल्या आहेत, तेव्हा सगळं श्रेय हवामानाला देऊ नये.

स्तंभाला पाठ लावून हात मागे मिठीत घ्यायची लोकांची हौस होती. त्या घासण्याने एक पट्टा चकचकीत झाला, म्हणजे तिथला थर निघून गेला. १९९७ मध्ये कुंपण आलं ते त्यामुळेच. घरातल्या जुन्या लोखंडी वस्तूही म्हणूनच चिंच-लिंबाने घासून ‘लख्ख’ करू नका.

आज असं लोखंड न करण्याचं कारण भट्टीवाल्यांना ठाऊक असतं : फॉस्फरस लोखंडाच्या स्फटिककणांच्या सीमांवर जमतो आणि थंडीत लोखंड टिचतं. कार्बन जास्त असेल तर आणखी लवकर. तांबं आणि थोडा फॉस्फरस घातलेलं हवामानरोधक पोलाद मात्र पूल आणि वॅगनसाठी वापरतात. त्यामागे हीच कल्पना आहे.

प्रश्न : मुलीला धातुशास्त्राची प्राध्यापक व्हायचंय. वाट कोणती? (पालक, नागपूर)

तुमच्या शहरातच व्हीएनआयटीमध्ये हा विभाग आहे. पुण्यात सीओईपी, मुंबईत आयआयटी. बीटेकनंतर गेटची परीक्षा द्यायची, पेपर ‘एमटी’. मग पीएचडी. आयआयटीत शिकवायचं तर त्यानंतर काही वर्षांचा संशोधनाचा अनुभव धरून चाला. ऊष्मागतिकी (थर्मोडायनॅमिक्स) कच्ची राहू देऊ नका, पुढे सगळं त्यावरच उभं असतं.

प्रश्न : वाड्याच्या दाराची मोडकी लोखंडी कडी मिळाली आहे. ती जुन्या भट्टीच्या लोखंडाची आहे का, हे कॉलेजच्या लॅबमध्ये कसं ओळखू? (विद्यार्थी, पुणे)

मोडलेल्या टोकाकडून १० ते १५ मिलिमीटरचा तुकडा, ठोकून लोखंड ज्या दिशेला लांबवलंय तिला समांतर कापा, पाणी सोडत. कोरडा कापलात तर लोखंड तापून रचना बदलेल. हातात धरता यावा म्हणून गंजलेला तुकडा बसवायला, दाबून घट्ट करायच्या गरम बेकेलाइट प्लास्टिकपेक्षा न तापवता घट्ट होणारं रेझिन बरं, दाबाने गंजाचा थर चुरडत नाही. मग २२०, ४००, ६००, ८००, १००० असे एमरी पेपर, ओले. प्रत्येक पेपरला नमुना ९० अंशांत फिरवा आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. मधे हात आणि नमुना दोन्ही धुवा. मागच्या पेपरचा एक कण पुढे आला तरी ओरखडा शेवटपर्यंत राहतो. शेवटी कापडावर १ मायक्रॉनचं अ‍ॅल्युमिना. दाब जास्त झाला तर मळीचे कण उपटून निघतात आणि त्यांच्या मागे धूमकेतूसारख्या शेपट्या उमटतात.

एचिंग (आम्लाने पृष्ठभाग किंचित कोरणं) न करताच पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जुन्या लोखंडात मळीच्या लांब रेघा दिसतात : गडद काचेत हलक्या करड्या रंगाचे, मोहरीसारखे थेंब. आधुनिक पोलादात अशी दुपदरी मळी नसते, मँगनीज सल्फाइडचे एकरंगी करडे कण असतात.

मग २ टक्के नायटल : ९८ मिलिलिटर इथेनॉलमध्ये २ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल हळूहळू सोडा. उलटं ओतू नका, बाटली घट्ट बंद करून साठवू नका. पाच ते दहा सेकंद पुरे. फॉस्फरस जास्त असलेले पट्टे फिकट, पाण्यात विरघळल्यासारखे दिसतात. खात्रीसाठी ओबरहोफर द्रावण वापरा. त्यात कमी फॉस्फरसच्या जागी तांबं बसून ती काळवंडते आणि फॉस्फरसवाली जागा उजळ राहते.

मळी दिसली म्हणून लगेच ‘पेशवाई’ लिहू नका. ब्रिटिश काळात आलेल्या पडल्ड आयर्नमध्येही (भट्टीत ढवळून केलेलं लोखंड) मळी असते, बऱ्याचदा फॉस्फरसही. स्पेक्ट्रोवर (ठिणगी पाडून धातूतली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) मँगनीज बघा. ०.३ टक्क्यांच्या वर असेल तर ते आधुनिक पोलादच समजा. स्पार्क मळीवर पडला तर आकडे भरकटतात, म्हणून निदान पाच जागी घ्या.