राजस्थानात सौर प्रकल्प तयार असूनही दुपारी बंद ठेवायला लावतात. मग वीजवाहिन्या आधीच का बांधत नाहीत? महाराष्ट्रातही असंच होतं का?

मी नऊ वर्षं पारेषण वाहिन्यांच्या, म्हणजे वीज लांबवर नेणाऱ्या लाईनच्या कामावर होतो, त्यातली चार जैसलमेर-फलोदी पट्ट्यात. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्याचं मूळ दोन कामांच्या वेगात आहे.

सलग जमीन मिळाली की सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. ७६५ केव्हीच्या, म्हणजे अतिउच्च दाबाच्या लाईनला आखणीपासून चार-पाच वर्षं सहज जातात. प्रकल्पाची जमीन एका कुंपणात असते. लाईन मात्र कित्येक गावांच्या शेतांतून, रेल्वे आणि महामार्ग ओलांडत जाते, आणि दुहेरी लाईन (एकाच टॉवरवर दोन वाहिन्या) असेल तर तिच्याखाली ६७ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा लागतो. शिवाय अर्धी लाईन असा काही प्रकार नसतो. ४०० केव्हीच्या एका कामात आमचे जवळजवळ सगळे टॉवर उभे होते, फक्त तीन जागी शेतकरी मोबदल्यावरून अडून बसले होते. त्या तीन टॉवरांपायी अख्खी लाईन सात महिने मेलेली राहिली. शेतकऱ्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. शेजारच्या जिल्ह्यात दर जास्त मिळत होता आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पूर्वी घोडं असं अडायचं: विकासकाने, म्हणजे सौर प्रकल्प उभारणाऱ्याने जोडणीसाठी अर्ज केल्याशिवाय लाईनचं नियोजन पुढे सरकत नसे, आणि लाईनची खात्री नसली की विकासकाला कर्ज मिळत नसे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०३०पर्यंतच्या ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म (कोळसा-वायूवर न चालणाऱ्या) वीजक्षमतेसाठी पारेषणाचा आराखडा जाहीर केला. अंदाजे खर्च २.४४ लाख कोटी रुपये. वीज कुठे तयार होणार ते आधी गृहीत धरून त्यात लाईन आखल्या. ही दिशा बरोबरच आहे.

पण आराखडा दिल्लीत होतो आणि टॉवर गावात रोवायचा असतो. राष्ट्रीय पारेषण समिती काम ठरवते, निविदा निघते, ठेका मिळतो. वनजमीन, जिल्हा प्रशासन, मोबदला या गोष्टींना खरी सुरुवात त्यानंतर होते. जैसलमेरकडे त्यात माळढोकचा प्रश्न आला; हा दुर्मीळ पक्षी उडताना तारांना धडकून मरतो. एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या क्षेत्रात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, मार्च २०२४मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. माळढोक वाचलाच पाहिजे. म्हणूनच म्हणतो, त्याचा अधिवास आणि गावांची ओरणं, म्हणजे देवराया, मार्ग आखतानाच नकाशावर असायला हव्यात. आम्ही एका ओरणाला वळसा घातला तो पाया खोदायला गेल्यावर.

या काळात तयार झालेल्या प्रकल्पांना तात्पुरती जोडणी देतात. जुन्या लाईनवर जागा असेल तोवर त्यांची वीज जाते. दुपारी लाईन भरली की आधी त्यांनाच थांबवतात. तुम्ही विचारलंत ते हेच.

टेक्सासने हा गुंता पवनऊर्जेसाठी सोडवला होता. २००५मध्ये कायदा केला, २००८मध्ये पाच क्षेत्रं आणि त्यांच्यासाठीच्या लाईन ठरवल्या, आणि सुमारे ५,८०० किलोमीटरच्या लाईन २०१४च्या सुरुवातीपर्यंत पूर्ण केल्या. पुढे त्याच भागात सौर प्रकल्पही आले. आपल्याकडे मला यातली एक गोष्ट तातडीने हवी आहे: निविदेआधीच मार्गावरच्या जिल्हाधिकाऱ्यांना सोबत घेऊन मोबदल्याचा दर जाहीर करणं. जून २०२४च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला आहे. २०१५मध्ये हेच आकडे ८५ आणि १५ होते. पण राज्यांनी ते स्वीकारायचे असतात, आणि एकाच लाईनवर दोन राज्यांत दोन दर निघाले की काम थांबलंच समजा.

महाराष्ट्राचं म्हणाल, तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० वेगळ्या वाटेने जाते. शेतीच्या उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटे प्रकल्प, वीज तिथल्याच पंपांना, दिवसा. लांब लाईनचा प्रश्नच येत नाही. तिथे अडतं ते गायरान जमिनीवर, आणि त्यासाठी ग्रामसभेत आधी जाऊन बसावं लागतं.