2012 ची सँट्रो झिंग, 80 हजार किमी चाललेली: घ्यावी का, आणि खर्च किती येईल?

घ्या, पण ठरलेल्या किमतीवर 20-25 हजार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच. आमच्या घरी हीच गाडी बरीच वर्षं आहे; इंजिन दणकट आहे, त्रास आजूबाजूच्या भागांचा.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) कधी बदलला ते विचारा. या 1086 सीसी इंजिनाला चेन नाही, रबरी बेल्ट आहे. बदलल्याचं बिल दाखवता येत नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकून हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडायची पाळी येऊ शकते.

बाहेरच्या गॅरेजचे अंदाजे दर, मजुरीसकट:
- बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर: 3-5 हजार
- क्लच सेट: 6-8 हजार
- स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग): दुरुस्ती 4-6 हजार, नवा घेतला तर दुपटीच्या वर

रॅक हे या गाडीचं जुनं दुखणं. खड्ड्यातून नेताना स्टिअरिंगमध्ये खडखड जाणवली की भाव पाडा. एसीचा कॉम्प्रेसर गेलेला असेल तर मात्र सरळ दुसरी गाडी बघा.

एक अट: 2027 मध्ये नोंदणीची 15 वर्षं संपतील. पुन्हा नोंदणीसाठी फिटनेस तपासणी, फी, पर्यावरण कर आणि आरटीओच्या फेऱ्या तुमच्याच गळ्यात येणार, त्यामुळे दोनच वर्षं वापरायची असेल तर हा सौदा परवडत नाही.